घर पाहावे विकून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ एवढं सांगून आपले पूर्वज मोकळे झाले. ‘घर पाहावे विकून’ असं एकाही पूर्वजानं म्हटल्याचं माझ्या ऐकिवात नाही. यावरून दोन अनुमानं निघतात. एक तर पूर्वजांनी घरं विकलीच नसावीत, किंवा विकली असावीत आणि त्याविषयी चारचौघांत बोलणं टाळलं असावं. मला दुसरं अनुमान अधिक सयुक्तिक वाटतं. माणूस घर घेतो तेव्हा लोक पेढे मागतात. विकतो तेव्हा आवाज खाली आणून विचारतात, “काय हो, काही अडचण?”

आमची काहीही अडचण नव्हती. मानवतच्या घरात राहायला कोणी उरलं नव्हतं, एवढंच. एक भाऊ पुण्यात, एक संभाजीनगरला, मी परभणीत. निजामाच्या काळापासून ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ ही म्हण चालत आली आहे. माझं बनलं नाही, म्हणून मी परभणीतच राहिलो. त्यामुळे 2023 साली घर विकायचं ठरलं तेव्हा ‘तू जवळ आहेस’ या एकाच गुणावर ते काम माझ्याकडे आलं. आणि घर विकता विकता माझ्या ध्यानात आलं, की घरविक्रीलाही इतिहास आहे. तो कोणी शाळेत शिकवत नाही, इतकंच.

आता मुंबईचंच पाहा. 1661 साली पोर्तुगालच्या राजकन्येचं लग्न इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्सशी ठरलं आणि मुंबई बेट आंदणात लिहून दिलं गेलं. कागद तिकडे युरोपात झाला, जागा इकडे कोकणात. देणाऱ्यानं ती पाहिलेली नव्हती, घेणाऱ्यानंही नाही. इंग्रज ताबा घ्यायला आले तेव्हा ‘मुंबई म्हणजे नेमकं काय?’ हा प्रश्न निघाला. इंग्रज म्हणत, ठाणं आणि साष्टी त्यातच आली. गोव्याचा पोर्तुगीज व्हाइसरॉय म्हणे, छे, बेट म्हणजे फक्त बेट. हा वाद घालण्यात चार वर्षं गेली, आणि फेब्रुवारी 1665 मध्ये नुसत्या बेटाचा ताबा मिळाला. साष्टी पुढे 1737 साली मराठ्यांनी पोर्तुगीजांकडून घेतली, आणि इंग्रजांच्या हाती ती लागायला 1774 उजाडावं लागलं. केवढा हा खटाटोप, आणि कशासाठी? कागदावर चतुःसीमा नीट लिहिली नाही म्हणून! पूर्वेस अमक्याची भिंत, पश्चिमेस सरकारी रस्ता, दक्षिणेस तमक्याचा बोळ, उत्तरेस खाडी, एवढ्या चार ओळी एखाद्या मोडी जाणणाऱ्या कारकुनाकडून लिहून घेतल्या असत्या तर शंभर वर्षं वाचली असती.

पुढे चार्ल्सला ते बेट सांभाळणं परवडेना. 1668 साली त्यानं ते वर्षाला दहा पौंड भाड्यानं ईस्ट इंडिया कंपनीला देऊन टाकलं. भाडं वेळेवर मिळत होतं, पण भाडेकरू काही निघाला नाही.

भाडेकरूच्या बाबतीत आमचे निजामही असेच फसले. वऱ्हाड त्यांचं. 1853 साली फौजेच्या खर्चाच्या थकबाकीपोटी ते इंग्रजांच्या ताब्यात गेलं. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. 1902 साली लॉर्ड कर्झननं मीर महबूब अली खानांकडून वर्षाला 25 लाख रुपयांवर कायमचा भाडेपट्टा करून घेतला आणि वर त्यांना ‘जी.सी.बी.’ हा किताब दिला. तेव्हाच्या टवाळांनी त्या अक्षरांचा अर्थ ‘गेव्ह कर्झन बेरार’ असा लावला होता. ‘कायमचा भाडेपट्टा’ या शब्दाचा अर्थ ज्याला समजून घ्यायचा असेल, त्यानं आमच्या मानवतच्या घराची दर्शनी खोली पाहावी. तिथं 1968 सालापासून एक शिंपी बसत होता. त्याच्यामागे त्याचा मुलगा त्याच मशीनवर बसू लागला. भाडं इतकं कमी, की ते मागायला परभणीहून जायचं तर एसटीचं तिकीट जास्त पडे. मराठवाड्यात भाडेकरूला आधी हैदराबाद राज्याच्या 1954 च्या कायद्याचं संरक्षण होतं. 31 मार्च 2000 पासून सबंध महाराष्ट्राला एकच भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. कायदे बदलले, पण शिंपी हलला नाही.

घर विकायचं म्हणजे आधी कागद हवा. तो आजोबांच्या लोखंडी पेटीत निघाला. उर्दूतला बयनामा, खाली शिक्के, आणि तारीख ‘बहमन 1341’. माझ्या पुण्याच्या भावाला क्षणभर वाटलं, घर बहामनी काळातलं आहे आणि आता पुरातत्त्व खातं येणार. तसं काही नव्हतं. तो हैदराबादचा फसली सन. त्यात 590 मिळवले की इसवी सन निघतो, आणि वर्ष ऑक्टोबरात सुरू होत असल्यामुळे बहमन म्हणजे साधारण डिसेंबर 1931. किंमत सातशे हाली. हाली म्हणजे निजामाचा रुपया आणि कलदार म्हणजे इंग्रजांचा. सात हालीला सहा कलदार असा हिशेब. तेव्हा आजोबांनी ते घर सहाशे कलदारांना घेतलं असं म्हणायला हरकत नाही. सप्टेंबर 1948 मध्ये संस्थान भारतात आलं, 1956 साली मराठवाडा मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्र झाला, हाली गेला, कलदार गेला, उर्दू वाचणारे कारकून गेले; कागद मात्र होता तिथंच होता.

तो वाचायला एक निवृत्त उर्दू शिक्षक भेटले. ते एकेक शब्द वाचत आणि मी चकित होई. ‘हुदूदे अरबा’ म्हणजे आपली चतुःसीमा, हे त्यांनी सांगावं लागलं. पण मालक, हक्क, कबजा, जमीन, दस्त, दलाल हे सारे शब्द मला ओळखीचे होते. शिवाजी महाराजांनी रघुनाथ पंडितांकडून राज्यव्यवहारकोश करवून घेतला आणि फारसी शब्दांना संस्कृत प्रतिशब्द दिले. त्या कोशाचं महत्त्व मी जाणतो. परंतु घराच्या व्यवहारानं तो फारसा मनावर घेतलेला दिसत नाही. आजही खरेदीखत वाचावं, तर त्यात ‘घर’ हा शब्द आपला आणि ‘विक्री’ हा शब्द आपला. मधलं पुष्कळसं इराण-अरबस्तानातून आलेलं.

घर आठ खणांचं माळवद. शहरी वाचकांसाठी सांगतो, खण म्हणजे दोन खांबांमधली जागा. पूर्वी घर चौरस फुटांत मोजत नसत, खणांत मोजत. माळवद म्हणजे तुळया, वर किलचन आणि त्यावर जाड पांढऱ्या मातीचा थर. उन्हाळ्यात आत इतकं गार, की माणूस बाहेर पडायला तयार नसतो. पावसाळ्यापूर्वी वर पांढरी चढवली नाही, तर मात्र घर आतल्या माणसालाही पावसाचा पूर्ण आनंद देतं. आमचा न्हाणीजवळचा खण गेली काही वर्षं हा आनंद देत होता.

दलाल करायचा की नाही, यावर तीन भावांची बैठक टेलिफोनवर झाली. पुण्याचा दादा म्हणाला, “दोन टक्के कशाचे द्यायचे? गिऱ्हाईक काय आपल्याला आणता येत नाही?” तेव्हा दारावर ‘घर विकणे आहे’ अशी पाटी लागली. संभाजीनगरच्या भावानं जाहिरात लिहिली. तीत ‘रेल्वे स्टेशन जवळ’ असं होतं. मानवतच्या माणसाला हे वाचून हसू येईल. आमचं स्टेशन आहे, पण त्याचं नाव ‘मानवत रोड’. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी निजामाच्या रेल्वेनं सिकंदराबादहून मनमाडला रूळ टाकले तेव्हा ते गावाला लांबूनच नमस्कार करून गेले. ज्या स्टेशनच्या नावात ‘रोड’ आहे, तिथून गावापर्यंत रोडच असतो, हे भारतीय रेल्वेचं एक अलिखित सत्य आहे.

पाटी पाहून माणसं आली. त्यांचे तीन वर्ग पाडता येतील. पहिला वर्ग घर पाहणाऱ्यांचा. यांना घर घ्यायचं नसतं, आत काय आहे ते पाहायचं असतं. दुसरा वर्ग भाव विचारणाऱ्यांचा. आपलं घर कितीला जाईल, हे त्यांना आमच्या घरावरून काढायचं असतं. तिसरा वर्ग मात्र मला अस्वस्थ करून गेला. दोन माणसं आली. खांब पाहिले नाहीत, तुळया पाहिल्या नाहीत, थेट देवघराच्या फरशीवर टाचा आपटू लागली. “खाली काही पोकळ वाजतंय का हो?” म्हणाले. बळद होतं तिथं, धान्य साठवायचं. त्यांना ते पटेना.

इथं थोडं गंभीर व्हायला हवं. 1972 ते 1974 या काळात मानवतमध्ये बायका आणि लहान मुलींचे खून झाले. गुप्तधनासाठी नरबळी दिले, असा आरोप खटल्यात होता. सबंध देशाला आमच्या गावाचं नाव कळलं ते त्यामुळे. कापसाची पेठ म्हणून जे गाव शंभर कोसांत ओळखलं जायचं, त्याचं नाव काढलं की पुढची कितीतरी वर्षं लोकांचे चेहरे बदलायचे. 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधन शोधण्यासाठी केलेली अघोरी कृत्यं गुन्हा म्हणून स्पष्ट लिहिली आहेत. आणि त्याहून कितीतरी जुना, 1878 चा कायदा सांगतो, की जमिनीत दहा रुपयांहून अधिक किमतीचं गुप्तधन सापडलं तर ते कलेक्टरला कळवलं पाहिजे. मी त्या दोघांना दोन्ही कायदे सांगितले. पहिल्यानं ते गप्प झाले, दुसऱ्यानं निघून गेले. दहा रुपयांचा आकडा ऐकून त्यांचा उत्साह मावळला असावा.

तीन महिने असे गेले आणि दलाल आला. त्याला कोणी बोलावलं नव्हतं. दलाल बोलावून येत नसतात. त्याचे वडील कापसाचे दलाल. पूर्वी कापसाचा, जनावरांचा सौदा रुमालाखाली हात धरून व्हायचा. बोटं धरायची, भाव ठरायचा, आणि शेजारी उभ्या असलेल्या शेतकऱ्याला आपल्याच मालाचा आकडा कळायचा नाही. हैदराबाद संस्थानानं 1930 साली शेतमाल बाजाराचा कायदा केला, पुढे उघड लिलाव आले, आणि 1972 साली राज्य सरकारची एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. कापूस सरकारच घेणार म्हटल्यावर दलालानं करायचं काय? तेव्हा या घराण्यानं कापूस सोडून घरं धरली. “कापूस काय न् घर काय,” तो म्हणाला, “आत काय भरलंय ते बघावं लागतंय.”

मी त्याला म्हटलं, आता दलालांनाही कायदा आलाय. 1 मे 2017 पासून रेरा पूर्ण लागू आहे, नोंदणी लागते, 2023 पासून महाराष्ट्रात परीक्षासुद्धा द्यावी लागते. तो म्हणाला, “ते नव्या स्कीमवाल्यांना, साहेब. जुन्या माळवदाची परीक्षा कोण घेणार?” आणि त्यानं स्वतःच आमची परीक्षा सुरू केली.

पहिला प्रश्न, “गळतं कुठं?”

फोनवर असलेला दादा म्हणाला, “आत्ता एप्रिल आहे. पावसाळ्याच्या आत विकून टाकू. गळण्याचा विषय कशाला?”

“आधी गळतं ते दावा,” दलाल म्हणाला. “गिऱ्हाइकानं एक खोट हुडकली, की ते आणखी धा खोटी मनात धरतंय आणि धाचे पैशे कापतंय. आपण दावली की एकीचेच कापतंय.” 1882 चा मालमत्ता हस्तांतरणाचा कायदाही वेगळ्या भाषेत हेच सांगतो. घराची जी खोट विकणाऱ्याला ठाऊक आहे आणि घेणाऱ्याला साध्या नजरेनं दिसणारी नाही, ती सांगणं विकणाऱ्याचं कर्तव्य. कायदा ते प्रामाणिकपणासाठी सांगतो, दलाल भावासाठी. उत्तर एकच येतं, हे विशेष.

दुसरा प्रश्न किमतीचा. घराला तीन किमती असतात. एक विकणाऱ्याच्या मनातली. तीत आजोबांचं कर्तृत्व, आईचा हात आणि आपलं बालपण यांचे पैसे लावलेले असतात. दुसरी घेणाऱ्याच्या मनातली. तीत यातलं काहीच नसतं. तिसरी सरकारच्या तक्त्यातली. मुद्रांक शुल्क भरायचं ते ठरलेली किंमत आणि तक्त्यातली किंमत यांपैकी जी जास्त असेल तीवर. दलालानं तिन्ही कागदावर लिहिल्या, पहिलीवर काट मारली आणि म्हणाला, “आता बोला.”

तिसरा प्रश्न मात्र आमच्यापैकी कोणाच्याही मनात आलेला नव्हता. “आजोबांना लेकी किती?”

नगरपालिकेच्या रजिस्टरला आजोबांनंतर तीन मुलांची नावं लागली होती, पुढे त्यांच्या मुलांची. आत्याचं नाव कुठंच नव्हतं. आजोबा वारले 1961 साली, मृत्युपत्र न करता. घर त्यांच्या स्वकष्टाचं. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं अशा मिळकतीत मुलगी ही मुलाच्या बरोबरीची वारस. आजी पाठोपाठ गेली, म्हणजे तीन भाऊ आणि एक बहीण, चार सारखे हिस्से. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही मुलींना मुलांइतका हक्क दिला, त्यावर वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहून आलं. पण आत्याचा हक्क त्याच्याही कितीतरी आधीचा. कायदा 1956 पासून उभा होता. रजिस्टरापर्यंत चालत यायला त्याला वेळ लागला.

“लुगडं-चोळी करू, हक्कसोडपत्रावर सही घेऊ,” दादा म्हणाला. अशी पद्धत आहे. बहिणीनं सही केली की माहेर शाबूत राहतं, असं म्हणतात. सही न करणाऱ्या बहिणीची दिवाळी कशी होते, तेही आपल्याला ठाऊक आहे.

आत्या सेलूहून आली. वय चौऱ्याऐंशी, नऊवारी, डोळ्यांवर जाड भिंगं. तिनं कागद वाचून घेतला, सगळा. मग म्हणाली, “यात ‘माझा हक्क सोडते’ असं लिवलंय. ते मी काही सोडत नाही बाबा.”

सगळे गप्प. फोनवर दादाचा श्वास ऐकू येत होता.

“मी घर विकते,” आत्या म्हणाली. “तुम्ही विकता तसंच. सोडणं निराळं आन् विकणं निराळं. आठ खणांतले दोन माझे. न्हाणीपाशी गळतो त्यो खण माझ्यात धरा, माझी ना नाही. पण दोन म्हणजे दोन.”

अठ्ठेचाळीस साली रझाकारांच्या भीतीनं गाव रात्री जागं असायचं, तेव्हा नऊ वर्षांची ही मुलगी याच घराच्या बळदाच्या तोंडाशी आईच्या कुशीत झोपली होती. ते तिनं त्या दिवशी सांगितलं नाही. हिस्सा मागताना तिनं आठवणीचा एक शब्द काढला नाही. आठवणी आम्हीच भावंडं काढत बसलो होतो, भाव वाढवायला. दादा बऱ्याच वेळानं म्हणाला, “आत्याचं बरोबर आहे,” आणि फोन ठेवला. हक्कसोडपत्राचा कागद बाजूला ठेवला गेला, आणि खरेदीखतात विकणाऱ्यांच्या यादीत पहिलं नाव आत्याचं लागलं.

आता उरलं गिऱ्हाईक. दलाल ते आठवड्यात घेऊन आला. घेऊन आला म्हणजे दर्शनी खोलीतून आतल्या सोप्यात घेऊन आला. तो शिंप्याचा मुलगा होता.

त्यानं पैसे साठवले होते. थोडं कर्ज काढणार होता. गळतं कुठं हे त्याला आमच्यापेक्षा जास्त माहीत होतं. त्याच्याविरुद्ध दावा लावायला नको, खोली रिकामी करायला नको. इतकी वर्षं ज्याला आम्ही घराची खोट समजत होतो, तोच घराचा धनी निघाला. इंग्रजांनी वऱ्हाड असं किंमत मोजून विकत घेतलं असतं, तर निजामाला निदान एकरकमी पैसे तरी दिसले असते.

दादानं मात्र फोनवर तोंड उघडलंच. “गिऱ्हाईक तर आपल्याच घरात होतं. मग दलाली कशाची?”

दलाल शांतपणे म्हणाला, “पंचावन्न वर्षं होतं की. तुमाला दिसलं का?”

दलाल करावा की करू नये, या विषयावर मी यापेक्षा नेमकं काही वाचलेलं नाही. ज्याला आपलं घर परक्याच्या नजरेनं पाहता येतं, त्यानं दलाल करू नये. बाकीच्यांनी दोन टक्के द्यावेत.

पण दोन टक्के द्यावे लागले नाहीत. आत्या सोप्यावर बसली होती. तिनं दलालाला जवळ बोलावलं, “इकडं ये लेकरा,” म्हणाली, आणि पदर पुढं घेऊन त्याचा हात पदराखाली धरला. आजोबा अडतीवर मुनीम होते. ही पोरगी लहानपणी कापसाच्या गाड्यांमधून हिंडलेली. आम्ही उभे होतो. पदर हलत होता. दलालाचा चेहरा आधी हसरा, मग विचारी, मग हताश झाला. शेवटी तो म्हणाला, “माय, तुमी माझ्या बापाला भेटायला पाहिजे व्हत्या.”

आकडा आत्यानं आम्हाला सांगितला नाही. चेक लिहायच्या वेळी कळला. दीड.

दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात सगळ्यांचे फोटो निघाले, अंगठे यंत्रावर टेकले. आत्यानं अंगठा दिला, पण आधी सही केली आणि सही नीट दिसते का, ते कारकुनाला दोनदा विचारलं. तिचा चेक तिच्या एकटीच्या नावावर निघाला. त्यातले पैसे ती कशाला वापरणार, असं दादानं विचारल्यावर म्हणाली, “तू तुझे कशाला वापरणार, ते मी इचारलं का?”

पूर्ण पैसे मिळाले की विकणाऱ्यानं मालकीचे जुने कागद घेणाऱ्याच्या हवाली करायचे असतात, हाही कायदाच. म्हणून बहमन 1341 चा बयनामा आता शिंप्याच्या मुलाकडे आहे. त्यानं तो कापडाच्या पिशवीत घालून, पिशवी स्वतः शिवून ठेवला. आमच्याकडे त्याची झेरॉक्स आहे. आम्हा तिघांपैकी कोणालाच ती वाचता येत नाही. पण चतुःसीमा कुठं लिहिली आहे, ते मी बोट ठेवून दाखवू शकतो.